हवा कशाची करायची?

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे. विषय : रोलर कोस्टर. हसू नका, विषय गंभीर आहे!

खुद्द रोलर कोस्टरशी माझं काहीच भांडण नाही, उलट मी त्याचा जुना भक्त आहे. ओहायोत ऑनसाइट असताना टीममधली बाकीची जनता वीकेंडला मॉल पालथे घालायची, नाहीतर नायगाराचे तेच ते फोटो काढून आणायची. मी सँडस्कीच्या सिडार पॉइंटला जाऊन रांगेत उभा राहायचो. माझं भांडण आहे ते नवा रोलर कोस्टर येणार म्हटल्यावर त्याची जी 'हवा' केली जाते, तिच्याशी.

ही हवा करण्याची पद्धत आता इतकी ठरून गेली आहे की तिचा फ्लोचार्ट काढता येईल. आधी पार्कच्या एका कोपऱ्यात पत्र्याचं कुंपण उभं राहतं. त्यावर एक गूढ चिन्ह. मग दहा सेकंदांचा एक व्हिडिओ येतो, त्यात काहीही दिसत नाही, नुसती धडधड ऐकू येते. मग आकडा फुटतो : सर्वात उंच, सर्वात वेगवान, सर्वात जास्त उलट्या (गाडीने मारलेल्या, प्रवाशांच्या वेगळ्या मोजतात). मग उद्घाटनाची तारीख. मग रुळाचा शेवटचा तुकडा क्रेनने चढवतानाचा फोटो. मग पहिल्या फेरीतल्या जागांचा एखाद्या चांगल्या कामासाठी लिलाव. मग पत्रकार, कॅमेरे, फुगे.

यातल्या बहुतेक गोष्टींना माझी काहीच हरकत नाही. कुंपण लावा, चिन्ह लावा, लिलाव तर जरूर करा. माझा आक्षेप फक्त दोन गोष्टींवर आहे. एक, विक्रमाचा आकडा हाच माल म्हणून विकणं. दोन, यंत्र तयार व्हायच्या आधी तारीख विकणं. या दोन्ही गोष्टी बंद झाल्या पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

आधी आकड्याचं बघू.

१८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन नावाच्या माणसाने अमेरिकेतला सुरुवातीचा रोलर कोस्टर सुरू केला. तिकीट पाच सेंट. वेग ताशी साधारण दहा किलोमीटर, म्हणजे हिंजवडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकपेक्षा किंचित बरा. तरी लोक रांगा लावून बसत होते आणि थॉम्पसनसाहेबांनी घातलेले पैसे काही आठवड्यांत वसूल केले. त्या राइडमध्ये अचाट असं काही नव्हतं. घसरत खाली जायची मजा होती, आणि तेवढी पुरली.

मग अकरा वर्षांनी, १८९५ मध्ये, त्याच कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' आला. माणसाला चक्क उलटं करणारा! तेव्हाच्या दृष्टीने हा केवढा मोठा आकडा. पण त्याचा लूप होता पूर्ण वर्तुळाकार. अकरावीचं फिजिक्स आठवा : वर्तुळाकार लूपमध्ये वरच्या टोकाला गाडी पडू नये एवढा वेग हवा असेल तर तळाशी माणसाला, घर्षण सोडून दिलं तरी, स्वतःच्या वजनाच्या सहापट जोर सोसावा लागतो. तोही एका क्षणात, एकदम. लोकांच्या माना अवघडल्या आणि काही वर्षांत ते प्रकरण बंद पडलं. १९०१ मध्ये लंबगोल लूपचा 'लूप द लूप' आला, तो जरा बरा होता, पण बसणाऱ्यांपेक्षा बघणारेच जास्त. त्या बघ्यांनाही तिकीट लावलं होतं म्हणे! आपल्या जत्रेतल्या 'मौत का कुआँ'चंच हे गणित.

लूप खऱ्या अर्थाने जमला तो १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये. अँटोन श्वार्झकोफची कंपनी आणि वेर्नर श्टेंगेल नावाचा जर्मन इंजिनियर. त्यांनी वर्तुळ सोडून थेंबाच्या आकाराचा लूप केला : तळाशी वळण सैल, वर घट्ट. जोर हळूहळू वाढतो, हळूहळू उतरतो, मान शाबूत राहते. म्हणजे 'उलटं करणं' हा आकडा १८९५ मध्येच मिळाला होता, पण त्यातली मजा मिळायला ऐंशी वर्षं आणि एक डोकेबाज माणूस लागला. सांगा बघू, तुमच्यापैकी किती जणांनी श्टेंगेलचं नाव ऐकलं आहे?

आता सिडार पॉइंटकडे येऊ. १९८९ मध्ये तिथे 'मॅग्नम एक्सएल-२००' आला. उंची २०५ फूट. दोनशे फुटांच्या पुढे गेलेला पहिला पूर्ण चक्कर मारणारा रोलर कोस्टर. इथून उंचीची शर्यत लागली. २००० च्या मे महिन्यात त्याच पार्कने 'मिलेनियम फोर्स' आणला, ३१० फूट, ताशी १५० किलोमीटर. जगात सर्वात उंच! केवढी हवा झाली त्याची. आणि ऑगस्ट उजाडला तसा जपानमधल्या नागाशिमाला 'स्टील ड्रॅगन २०००' सुरू झाला, ३१८ फूट. संपली कहाणी. जगातला सर्वात उंच हा किताब तीन महिनेसुद्धा टिकला नाही.

गंमत पुढे आहे. मिलेनियम फोर्स आजही धावतो आहे. रोलर कोस्टरच्या शौकिनांनी दिलेल्या मतांवर ठरणारे पुरस्कार असतात, त्यात तो कित्येकदा जगातला सर्वोत्तम स्टील कोस्टर ठरला, तोही उंचीचा विक्रम गेल्यानंतर. का? कारण तो गुळगुळीत धावतो, लांब आहे, पहिल्या उतारावर पोटात जो खड्डा पडतो तो शेवटपर्यंत भरत नाही. मी स्वतः त्यात किती वेळा बसलो ते मोजायचं सोडून दिलं आहे. थोडक्यात काय, ज्या गोष्टीची जाहिरात केली ती तीन महिन्यांत गेली आणि जिची केली नाही ती पंचवीस वर्षं टिकली.

यावरून धडा काय घ्यायला हवा होता? 'चांगला' बनवा. घेतला काय? 'अजून उंच' बनवा.

२००३ मध्ये 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर', ४२० फूट, ताशी १९३ किलोमीटर. २००५ मध्ये न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमध्ये 'किंगडा का', ४५६ फूट, ताशी २०६ किलोमीटर, आणि हा वेग साडेतीन सेकंदांत! कागदावर नुसतं वाचलं तरी अंगावर काटा येतो, हे मान्य. पण या दोन्ही राइड्सचं स्वरूप बघा. सरळ रुळावरून तोफेच्या गोळ्यासारखं सुटायचं, एक उंच टोपी चढायची, उतरायची, ब्रेक. सुटल्यापासून ब्रेक लागेपर्यंत अर्धा मिनिटसुद्धा नाही. कारण सगळे पैसे, सगळी ऊर्जा, सगळी जागा त्या एका आकड्यावर खर्च झालेली. ते चित्र काढायचं ठरलं तेव्हाच मजा बजेटमधून कापली गेली होती.

आणि हे यंत्र नाजूक. गणित सोपं आहे : वेग दुप्पट हवा तर ऊर्जा चौपट लागते, आणि ती ऊर्जा चाकांना, बोल्टांना, केबलला सोसावी लागते. किंगडा का २००५ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लाँच करणाऱ्या भागातले बोल्ट गेल्यामुळे बंद पडला, तो थेट ऑगस्टमध्ये सुरू झाला. म्हणजे ज्या उन्हाळ्यासाठी एवढी हवा केली, त्यातला मोठा भाग तो कुलूपबंद. कधीकधी गाडीला टोपी चढण्याइतका वेग मिळायचा नाही आणि ती अर्ध्यातून मागे यायची. (तशी सोय असते, खाली ब्रेक असतात, धोका नसतो.) पुढे पुढे शौकीन मंडळी आपली गाडी अशी मागे यावी म्हणून देव पाण्यात घालून बसायची. म्हणजे बगलाच फीचर म्हणायचं! आपल्या धंद्यातल्या माणसाला हे नवं नाही म्हणा.

शेवट काय झाला? ड्रॅगस्टरवर ऑगस्ट २०२१ मध्ये गाडीचा एक धातूचा तुकडा निसटला आणि रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंच्या डोक्याला लागला. गंभीर इजा झाली. लक्षात घ्या, त्या राइडमध्ये बसल्याही नव्हत्या, नुसत्या रांगेत होत्या. राइड बंद झाली. मग २०२३ मध्ये 'टॉप थ्रिल २' ची घोषणा, पुन्हा तीच हवा, पुन्हा तेच आकडे. मे २०२४ मध्ये सुरू झाला, आठवडाभर चालला, आणि गाड्यांमध्ये दुरुस्ती हवी म्हणून उरलेला सगळा हंगाम बंद! २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. तिकडे किंगडा का नोव्हेंबर २०२४ मध्ये कायमचा बंद केला. आधी सांगितलंसुद्धा नाही, शेवटची फेरी होऊन गेल्यावर जाहीर केलं. ज्या लोकांनी वीस वर्षं त्याच्यावर जीव टाकला त्यांना निरोप घ्यायची संधी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्फोट करून तो पाडला. आणि बंद करण्याच्या त्याच घोषणेत काय होतं माहितीये? २०२६ साठी नवा, अनेक विश्वविक्रम मोडणारा रोलर कोस्टर!! जुन्याचं तेरावं व्हायच्या आधी नव्याचं बारसं.

आता तारखेचं बघू. हा भाग आपल्या लोकांना जास्त झोंबेल.

रिलीज डेट आधी आणि प्रॉडक्ट मागून, हे आपल्यापैकी कुणी अनुभवलं नाही? एका प्रोजेक्टवर (नाव नको) सेल्सवाल्यांनी क्लायंटला परस्पर तारीख देऊन टाकली होती. केकची ऑर्डरही गेली होती. डेव्हलपमेंटला उशीर झाला तसा कात्री कुठे लागली? अर्थातच टेस्टिंगला. तीन आठवड्यांचं टेस्टिंग चार दिवसांत 'बसवलं'. आपल्याकडे त्याचा परिणाम म्हणजे सोमवारी सकाळी फोन खणखणतात, कुणाचा तरी रिपोर्ट चुकतो, आपण पॅच टाकतो. रोलर कोस्टरमध्ये सोमवारी पॅच टाकता येत नाही. तिथे शनिवारीच माणसं बसलेली असतात.

इंग्लंडमधलं ॲल्टन टॉवर्स. २०१३ साली तिथे 'द स्मायलर' आला, खर्च एक कोटी ऐंशी लाख पौंड, चौदा वेळा उलटं करणारा, जागतिक विक्रम. याची हवा इतकी केली की शेतातल्या मेंढ्यांवरसुद्धा त्याचं हसरं चिन्ह रंगवलं होतं. मार्चमध्ये सुरू व्हायचा होता, पुढे ढकलत ढकलत ३१ मेला सुरू झाला. त्याच वर्षी जुलैत रुळाचा एक भाग सुटल्यामुळे लोकांना उतरवावं लागलं आणि राइड काही दिवस बंद. नोव्हेंबरमध्ये छोटी प्लॅस्टिकची चाकं निसटून पुढच्या रांगेतल्या प्रवाशांना लागली. विक्रम मात्र शाबूत.

आणि मग २ जून २०१५.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. रोलर कोस्टरचा रूळ 'ब्लॉक'मध्ये विभागलेला असतो. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याशिवाय कॉम्प्युटर मागची गाडी सोडतच नाही. आपल्या रेल्वेच्या सिग्नलचं तेच तत्त्व. त्या दिवशी वारा जोराचा होता. दुपारी एक जादा, पाचवी गाडी रुळावर घेतली होती, पण ते इंजिनियर मंडळींना ठाऊक नव्हतं. चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी मध्येच अडकून उभी राहिली. मागून सोळा प्रवाशांची गाडी चढणीवर आली आणि कॉम्प्युटरने ती थांबवली. का? कारण पुढे गाडी उभी होती! इंजिनियरना वाटलं, गाड्या तर सगळ्या जागेवर दिसताहेत, म्हणजे सिस्टिमच काहीतरी चुकीचं सांगते आहे. त्यांनी तो थांबा ओव्हरराइड केला. सोळा माणसांची गाडी जाऊन रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला. आपत्कालीन मदतीला फोन करायलाच सतरा मिनिटं लागली. जखमी माणसं कित्येक तास वरच अडकून होती. २०१६ मध्ये पार्क चालवणाऱ्या कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि तिला पन्नास लाख पौंडांचा दंड झाला.

सॉफ्टवेअर बरोबर होतं, मंडळी. ते ओरडून खरं सांगत होतं. एरर आला की आपण पहिल्यांदा काय करतो? परत रन करून बघतो. इथे एरर म्हणजे रुळावर उभी असलेली खरीखुरी गाडी होती.

आता लगेच कुणी म्हणेल, "अरे, पण हा अपघात जाहिरातीमुळे झाला का?" नाही. मी तसं म्हणत नाही. राइड सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. दोष होता तो कामाची नीट पद्धत न बसवण्याचा, कुणी काय करायचं आणि कुणाला विचारून करायचं हे न ठरवण्याचा. न्यायालयासमोर आला तो हाच मुद्दा. माझं म्हणणं वेगळं आहे. हवा करणारे लोक पब्लिकला आणि स्वतःच्याच कंपनीला शिकवतात की या राइडमध्ये मोलाचं काय आहे. चौदा उलट्या मोलाच्या. मेंढ्या मोलाच्या. पण पुढे गाडी आहे म्हणून मागची गाडी थांबवणारी ती ब्लॉक सिस्टिम? तिच्याबद्दल एक पोस्टर नाही, एक व्हिडिओ नाही. थांबलेली गाडी म्हणजे कंपनीची नाचक्की, रांगेची चिडचिड. थांबणं म्हणजे राइडने आपलं काम चोख करणं, हे कधी कुणी सांगितलंच नाही. मग कंट्रोल पॅनलपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाने, मागे हजारभर लोक घड्याळ बघत असताना, कुठल्या जोरावर म्हणावं की थांबा, मी आधी खाली जाऊन डोळ्यांनी बघून येतो?

याच्या अगदी उलट उदाहरणही आहे, आणि ते पुन्हा सिडार पॉइंटचंच. २००७ मध्ये तिथे 'मॅव्हरिक' येणार होता. १२ मेची तारीख जाहीर झालेली. चाचण्यांमध्ये लक्षात आलं की एका पिळाच्या जागी (हार्टलाइन रोल म्हणतात त्याला) जोर प्रमाणाबाहेर जातो आहे. त्यांनी काय केलं? तो अख्खा पीळ काढून टाकला, त्या जागी साधा रूळ बसवला आणि उद्घाटन दोन आठवडे पुढे ढकललं. जाहिरातीतली एक उलटी कमी झाली! आभाळ कोसळलं का? मुळीच नाही. मॅव्हरिक आजही शौकिनांच्या आवडत्या राइड्समध्ये आहे आणि बहुतेकांना तिथे काहीतरी काढलं होतं हे आठवतसुद्धा नाही. पण समजा तेव्हा सगळी हवा त्या पिळाचीच केली असती तर? 'जगातला अमुक पहिला पीळ' म्हणून पोस्टर लागली असती तर? मग तो काढणं इतकं सोपं गेलं असतं का? विचार करा.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला : "एवढा पैसा घालतात, हवा नको करायला?" करा की! अम्युझमेंट पार्कचा धंदा हंगामी, पहिल्या हंगामात गर्दी झाली नाही तर बँक दारात उभी. मला ते कळतं. पण गर्दी जमवून राइड बंद असेल तर? सहा तास गाडी चालवून आलेलं कुटुंब 'तात्पुरती बंद' ची पाटी बघून घरी जाताना कुणाचा उद्धार करत असेल? हवा आणि तारीख यांचं लग्न लावायची गरज नाही. 'या उन्हाळ्यात' म्हणा. चाचण्या संपल्यावर तारीख सांगा. आठ दिवसांच्या नोटिशीवरही लोक येतात. राजकीय सभांना येतात, तर रोलर कोस्टरला नाही येणार?

दुसरा : "रोलर कोस्टर मुळात सुरक्षित असतात, उगाच घाबरवू नका." शंभर टक्के मान्य. पुण्यात दुचाकीवरून ऑफिसला जाणं जास्त धोक्याचं आहे असं मी बिनधास्त म्हणेन. पण ते सुरक्षित आहेत ते कुणामुळे? ब्लॉक सिस्टिम बसवणाऱ्यांमुळे, पहाटे पार्क उघडायच्या आधी रुळावर चालत जाऊन बोल्ट तपासणाऱ्यांमुळे, वारा वाढला की राइड बंद करणाऱ्यांमुळे. मी त्यांच्याच बाजूने भांडतो आहे.

तिसरा, सगळ्यात लाडका : "पब्लिकला आकडेच लागतात हो." खरंच? एस्सेलवर्ल्ड आता बंद झालं, पण त्याची जाहिरात माझ्या वयाच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. त्यात पाळणा किती फूट उंच होता? वेग किती होता? एक आकडा नव्हता. एका पोराचा हट्ट होता, मी घरी जाणार नाही म्हणून. बस्स. त्या एका हट्टावर अख्ख्या महाराष्ट्रातल्या पोरांनी आईबापांना गोराईच्या बोटीत बसवलं. खोपोलीच्या इमॅजिकामधल्या 'नायट्रो'चं बघा. उंची सुमारे चाळीस मीटर, म्हणजे जागतिक यादीत कुठेच नाही. तरी त्यातून उतरलेल्या माणसाचा चेहरा बघा. पायाखाली फ्लोअर नसताना पाच वेळा उलटं होऊन आलेल्या माणसाला तुम्ही 'पण न्यू जर्सीत यापेक्षा उंच होता' असं सांगून बघाच.

आपल्याकडे तर हा प्रश्न आणखी जवळचा आहे. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या पार्कात झोपाळ्यासारखी एक राइड चालू असताना हवेतच मोडून खाली पडली. दोन माणसं गेली, पंचवीसहून जास्त जखमी झाली. त्या राइडची कुणी जागतिक हवा केली नव्हती. पण आपण पब्लिक म्हणून जत्रेतल्या आकाशपाळण्यात किंवा पार्कातल्या राइडमध्ये बसताना काय विचारतो? 'किती उंच जातो?' 'शेवटी तपासला कधी?' हे विचारणारा माणूस आपल्या लाइनीत भित्रा ठरतो. हा प्रश्न विचारायची सवयच आपल्याला नाही, कारण ज्यांनी ती लावायची ते आपल्याला आकडे पुरवत बसले आहेत.

मग हवा कशाची करायची? घ्या, फुकट सल्ला देतो.

चाचण्यांची करा. माणसं बसण्याआधी रोलर कोस्टर पाणी भरलेले पुतळे बसवून पुन्हा पुन्हा पळवतात. कसलं भारी दृश्य असतं ते! कुंपणाबाहेर रोज पाटी लावा : आजवर इतक्या रिकाम्या फेऱ्या झाल्या, इतक्या व्हायच्या आहेत. पोरं रोज येऊन आकडा वाचतील. हा आकडा असा आहे की जो वाढला की राइड अधिक चांगली होते, आणि शेजारच्या पार्कला तो चोरता येत नाही.

इंजिनियरांची करा. श्टेंगेलच्या लूपचा आकार वर्तुळ का नाही, हे दहा वर्षांच्या पोराला समजावून सांगता येतं आणि ते कळल्यावर त्या लूपमध्ये शिरताना डबल मजा येते. ब्लॉक सिस्टिमचा एक मोठा बोर्ड रांगेत लावा, हिरवे-लाल दिवे, कुठली गाडी कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ते सगळ्यांना दिसू दे. दीड तासाच्या रांगेत लोक नाहीतरी मोबाइलच चाळत असतात. आणि गाडी थांबली की त्याच बोर्डावर लिहून येऊ दे की का थांबली. बघा, शिव्यांच्या जागी टाळ्या पडतील.

आणि राइड किती दिवस चालू होती ते छापा. आपण सर्व्हर विकताना अपटाइम लिहून देतो, नाही पाळला तर पैसे परत करतो. मग हजारो रुपयांचं तिकीट विकताना 'गेल्या हंगामात ही राइड इतके टक्के वेळ चालू होती' एवढं एक वाक्य का नको? ज्या दिवशी पार्क उंचीऐवजी या आकड्यावर शर्यत लावतील, त्या दिवशी मी स्वतः त्यांची हवा करायला तयार आहे, तीही फुकटात.

खरं तर रोलर कोस्टरला स्वतःची हवा स्वतः करता येते. ती साखळीची पहिली चढण आठवा. कट्... कट्... कट्... प्रत्येक खटक्याला पोटात गोळा मोठा होतो. तो आवाज असतो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिटीचा. म्हणजे अख्ख्या राइडमधला सर्वात उत्कंठेचा आवाज हा सेफ्टीच्या यंत्रणेचा आवाज आहे! मार्केटिंगवाल्यांनो, आयती जाहिरात तुमच्या कानाशी वाजते आहे, जरा ऐका की.

असो. बरंच भांडून झालं. पुढच्या वेळी कुठेही 'जगातला सर्वात उंच' असं वाचलंत तर एकच करा, 'बरं, पण तपासला कधी?' असं विचारा. भित्रे म्हटलं तर म्हणू दे.

आता चहा. पुढच्या वीकेंडला भेटूच.